सरावाला घरचीच ओळ

४ मार्च

लागली बाई एकदाची नोकरी! वर्षभर घरी बसून ताईची बोलणी खाल्ली, आता निदान दिवसभर कानांना सुट्टी. ताई माझी थोरली बहीण. आईबाबा गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि ते मी विसरू नये याची काळजीही तीच घेते. आज दारातून ओरडून विचारलं, डबा घेतलास का, किल्ली घेतलीस का, अक्कल घेतलीस का. शेजारणीसुद्धा हसल्या.

कार्यालय नागरिक नोंदणीचं. लांबट खोली, जाळीच्या खिडक्या, कुरकुरणारा पंखा. शहरातल्या प्रत्येक माणसाची इथे एक ओळ आहे: नाव, जन्म, पत्ता, कोण कुणाचं. दवाखाना, बँक, औषधाचं दुकान, सगळे आधी इथे बघतात की हा माणूस आहे का. नसला तर नसला.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सगळे चष्मेवाले म्हणतात. त्यांनी काम समजावलं. डेटाबेस, म्हणजे या ओळींचा साठा, दोन. एक खरा, दुसरा सरावाचा, म्हणजे खऱ्याची नक्कल. चुकीच्या ओळी आधी सरावात दुरुस्त करायच्या, मग खऱ्यात हलवायच्या. त्यासाठी एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतलं, एक वाक्य टाइप करायचं, ‘कनेक्ट टू’ आणि पुढे डेटाबेसचं नाव, की झाली जोडणी. त्यानंतर जे लिहाल ते शेवटी जिथे जोडलात तिथे जातं. पडदा दोन्हीकडे सारखाच काळा, त्यामुळे आपण कुठे आहोत ते आपणच ध्यानात ठेवायचं. मी म्हटलं, यात काय मोठंसं!

७ मार्च

काम जमतंय. इथली एक गंमत लिहायलाच हवी. नव्या माणसाचा हात बसावा म्हणून त्याला सरावात स्वतःच्याच घरच्या ओळी देतात. त्याच बदला, पुसा, परत आणा. साहेबांचं म्हणणं, परक्याच्या ओळीत चूक झाली तर कळत नाही, घरच्या ओळीत लगेच डोळ्यांत भरते. पटलं मला. आमच्या घराच्या दोनच ओळी, ताई आणि मी.

जेवणाच्या सुट्टीत कळलं की इथले सगळेच एकटे राहतात. साहेब, चष्मेवाले, शिक्के मारणाऱ्या बाई, सगळे. कुणाला घरी जायची घाई नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, त्यांची ओळख करून दे, एखादा तुला पसंत करतो का बघू. मेलीचं तोंड म्हणजे तोंड.

१३ मार्च

सकाळी ताईशी कडाक्याचं भांडण. विषय काय, तर मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला. त्यावरून ती माझ्या मोडलेल्या लग्नापर्यंत पोचली! म्हणाली, तुझ्याबरोबर राहायला माझ्यासारखा दगडच हवा. मीही म्हटलं, तू नसतीस तर मी सुखी असते. डबा न घेताच निघाले.

कार्यालयात डोकं तापलेलंच होतं. सरावाला बसले आणि ताईची ओळ पुसून टाकली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एका वाक्यात वीस वर्षांची कटकट गेली. चष्मेवाल्यांना सांगितलं तर ते हसले नाहीत. मग साहेबांनी बोलावलं आणि परत आणायचं राहून गेलं. उद्या आणीन.

१४ मार्च

ताई औषधाच्या दुकानातून हात हलवत परत आली. तिच्या हृदयाच्या गोळ्या दिल्या नाहीत. दुकानदार म्हणाला, अशी कुणी बाई नोंदीत नाही. पंधरा वर्षं तिथूनच गोळ्या घेते ती! घरात चारच दिवसांच्या उरल्यात.

मग आठवलं. काल सकाळी मी एक ओळ हलवायला खऱ्याला जोडले होते. परत सरावाला जोडलेच नव्हते. म्हणजे पुसली ती ताईची खरी ओळ.

ताईला सांगायचा धीर झाला नाही. तिनं रागारागात माझ्या आवडीचा स्वयंपाक केला होता.

१५ मार्च

साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ते शांतपणे म्हणाले की नवी ओळ लिहायचा अधिकार आपल्याला नाही, वरून मंजुरी लागते. पुसायला मंजुरी लागत नाही का, विचारलं. नाही लागत, म्हणाले. मंजुरीसाठी अर्ज कुणी करायचा? ज्याची ओळ गेली त्यानं. आणि तो अर्ज स्वीकारायला त्याची ओळ हवी. वर मलाच समजावलं की आजवर एकही तक्रार आलेली नाही. येईल कुठून! थुंकावंसं वाटलं त्या टेबलावर.

संध्याकाळी शेजारीण जिन्यात भेटली. विचारते, तुमच्याकडे पाहुण्या आल्यात का, वयस्कर आहेत? हीच बाई ताईकडून विरजण मागून न्यायची. ताई मागेच उभी होती. काही बोलली नाही. ताई, आणि काही बोलली नाही.

१६ मार्च

चष्मेवाल्यांनी कार्यालयाच्या जिन्यात गाठलं. ते रोज दोन ताटं वाढतात. दुसरं कुणाचं ते त्यांना माहीत नाही, पण वाढल्याशिवाय घास उतरत नाही. कपाटात साड्या आहेत. कुणाच्या, ते त्यांना सांगता येईना. ते म्हणाले, ओळ गेली की परकी माणसं लगेच विसरतात, घरच्यांना आठवतं; पण जोडणी दोन्ही बाजूंनी असते. आपण डेटाबेसला जोडलो की तोही आपल्याला जोडला जातो, आणि हळूहळू आपल्यालाही तेवढंच ठाऊक राहतं जेवढं त्यात आहे. खऱ्याला जोडू नका, नोकरी सोडा, पळा.

पळू कशी? गोळ्या दोन दिवसांच्या.

पण एक वाट आहे. सरावाच्या डेटाबेसमध्ये ताईची ओळ अजून आहे! नवी लिहायची नाही, फक्त हलवायची. हलवायचा अधिकार आहे मला. सरावाला जोडायचं, ओळ उचलायची, खऱ्याला जोडायचं, ठेवायची. एवढंच.

रात्री ताईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिनं फक्त विचारलं, तुला मी आठवतेय ना अजून? मी रडले. ती म्हणाली, रडतेस काय, उद्या डबा घेऊन जा.

१७ मार्च

जोडले. सरावाला आधी. ताईची ओळ दिसली. नाव वाचलं. जीव भांड्यात पडला. मग खऱ्याला जोडले आणि – काही क्षण नुसती बसून राहिले. कशासाठी जोडलं ते आठवेना. साहेब मागे उभे. काम करता की झोपता, म्हणाले.

बाहेर आल्यावर आठवलं. परत गेले. परत तेच.

तळहातावर लिहिलं: ओळ हलव.

एकच गोळी उरली आहे. ताईनं अर्धी करून ठेवली.

१८ मार्च

तळहातावर काहीतरी लिहिलेलं. ओळ हलव. कुठली –

दुपारी थोडं आठवलं. थोरली. टॉवेल. बोलणी. चेहरा येतो आणि जातो. ताई, थांब, मी करते गं, उद्या नक्की – अर्धी गोळी –

१९ मार्च

आज काम छान झालं. सरावाच्या डेटाबेसमध्ये माझ्याच घराच्या पत्त्यावर एक जादा ओळ सापडली. खऱ्यात तशी कुणी नाही. कुणीतरी चुकून भरली असणार. पुसली.

साहेब खूश. म्हणाले, हात बसला आता. चष्मेवाले मान खाली घालून बसले होते, त्यांना काय झालं कोण जाणे. रात्री आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं; शेजारचं असेल म्हणून झोपले.

२० मार्च

एकटीला घर मोठं वाटतं. घरी आले तर स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई! ओट्याला टेकून धापा टाकत होती. मला माझ्या घरातल्या नावानं हाक मारली. ते नाव बाहेर कुणालाच ठाऊक नाही. मी घाबरले, ओरडले. शेजारीण धावून आली. दोघींनी मिळून तिला बाहेर काढलं. अंगात जोर नव्हता तिच्या. जाताना माझ्या हातात डबा कोंबला, गरम होता.

कडी लावली.

२० मार्च, पुन्हा

ती गेलेली नाही. पायरीवर बसली आहे. दार वाजवते, मग थांबते. गोळी मागते कसली तरी. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, नाव सांगा. विचारलं तिला दाराआडून. तिनं सांगितलं. त्यांनी शोधलं. म्हणाले, अशी कुणी नाही, त्यामुळे तक्रार होत नाही.

आता वाजवत नाही. नुसती कण्हते. मध्येच विचारलं, जेवलीस का –

आणि मला रडू का यावं? कोण आहे ही? मी उघडणार नाही. उघडू का? तिचा आवाज एकदम थांबला आणि माझ्या तोंडून आपोआप ता –