मॅच पॉइंट माझ्या सर्व्हिसवर

सोमवार, ११ मे. सकाळ.
टेनिसच्या पुरुष दुहेरीत आमचा नंबर लागला. एका जोडीने ऐनवेळी माघार घेतली म्हणून लागला, असं मेहुणा म्हणतो. माझा सध्याचा फॉर्म बघता माघार घेणं शहाणपणाचंच होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय सव्वीस. मी सदतीस. पाय त्याचे, टाळकं माझं. फायनल गाठली तर पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेचं दार थेट उघडतं.
संकल्प : अंपायरशी वाद नाही. दुसरी सर्व्हिस जपून. मेहुण्याकडे येणारा चेंडू मेहुण्याला मारू देणे.

मंगळवार, १२ मे.
जिंकलो! समोरच्यातला एक जण पोटरी धरून खाली बसला आणि सामना सोडून गेला. माझ्या उंच लॉबमागे पळवून पळवून मीच त्याला बसवलं. मेहुणा म्हणाला, तो कोर्टवर येतानाच लंगडत होता. असेल. पण लॉब नसता तर बसला नसता.
अंपायरशी वाद झाला. चूक त्याची होती.

बुधवार, १३ मे. दुपार.
खांदा किंचित बोलतोय. फिजिओबाईंनी दाबून पाहिला, वय विचारलं आणि दोन महिने विश्रांती सांगितली. बाई नवीन दिसतात.
कँटीनमध्ये मेहुणा कोपऱ्यात बसला होता, डावखुऱ्याच्या कोचबरोबर. डावखुरा म्हणजे सध्या ज्याच्या नावाचा डंका वाजतोय तो पोरगा. त्याच्या जोडीदाराचं मनगट मोडलंय. मी ट्रे घेऊन जाऊन बसलो, तर दोघंही हवामानावर बोलायला लागले. हवामानावर इतक्या पडेल चेहऱ्याने कोणी बोलत नाही.
जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४ मे.
क्वार्टर फायनलही जिंकलो. शेवटचे चार गेम मेहुणा जरा बरा खेळला. मी नेटजवळ उभा राहून दबाव ठेवला होता.
लॉकर रूममध्ये सरळच विचारलं. त्याने बुटाची नाडी सोडता सोडता सांगितलं, कोचने विचारलंय भाऊजी, पुढच्या महिन्यापासून डावखुऱ्याबरोबर खेळतोस का. तू काय म्हणालास? तर म्हणे, सांगतो म्हटलं. काय सांगतो, कधी सांगतो, पत्ता नाही.
बायकोला फोन केला. वाटलं, भावाचे कान उपटेल. ती म्हणाली, तुम्हीच त्याला मोकळं करा. तो मरेपर्यंत तोंडाने म्हणायचा नाही. मी म्हटलं, जोडी म्हणजे काय भाड्याची सायकल आहे? ती म्हणाली, सामने कोण जिंकून देतंय ते एकदा डोळे उघडून बघा. उत्तर जिभेवर होतं, पण लाइन कट झाली. तिच्या बाजूने.
उद्या दाखवतोच.

शुक्रवार, १५ मे. सेमीफायनल.
एकेक सेट झाला. मग दहा पॉइंटांचा टायब्रेक. नऊ-आठ, आम्ही पुढे. मॅच पॉइंट, सर्व्हिस माझी. स्टेडियम चिडीचूप. मेहुणा जवळ आला आणि तोंडावर हात धरून कुजबुजला, भाऊजी, हळू टाका, त्याच्या अंगावर. पुढचं मी बघतो.
पुढचं मी बघतो! म्हणजे आजवर कोण बघत होतं?
पहिली सर्व्हिस थेट एस मारायला गेलो. जाळीत. दुसरीही एस मारायला गेलो. लांब पडली. नऊ-नऊ.
पुढच्या पॉइंटला चेंडू मेहुण्याच्या डोक्यावर आला, लाडूसारखा. तो हात उचलून तयार. मी मागून ‘माझा!’ म्हणून ओरडलो. तो बाजूला झाला. आजवर मी ओरडलो की तो बाजूला होतच आलाय.
चेंडू जाळीत गेला.
त्यानंतर त्यांची सर्व्हिस, माझा रिटर्न बाहेर. संपलं.
मेहुण्याने पाठीवर हात ठेवला, म्हणाला, ऊन डोळ्यांवर होतं, भाऊजी. ऊन माझ्या पाठीमागे होतं.

शनिवार, १६ मे. सकाळ.
निर्णय घेतला. निवृत्ती. बायकोला फोनवर सांगितलं. ती किती तरी दिवसांनी मऊ आवाजात म्हणाली, फार चांगलं केलंत.
स्वतः कोचला गाठलं. सांगितलं, मी पोराला मोकळं करतोय, घेऊन जा. मोठेपणा अंगात असावा लागतो.
कोच बिचारा अवघडला. म्हणाला, तुम्हाला ठाऊक नाही? त्याने परवाच नकार दिला. भाऊजी खेळतायत तोवर दुसऱ्याबरोबर नाही, म्हणाला. आम्ही काल दुसरा मुलगा ठरवला.
परवा म्हणजे गुरुवार. म्हणजे काल मी ‘माझा’ म्हणून ओरडलो, तेव्हा डावखुऱ्याचा विषय त्याने संपवलेला होता.

शनिवार, दुपार.
मेहुणा बॅग भरत होता. आता सांगायचं, म्हणून घसा साफ केला. तेवढ्यात त्यानेच, वर न बघता विचारलं, भाऊजी, पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेला दोघांची नावं देऊ ना?
मी ‘दे’ म्हणालो.
बायकोला अजून कळवलेलं नाही. फोन आला तर खांद्याचं बोलेन.