सासरे कप्तान, जावई खलाशी

काळेवाडी, चिंचवड
२ डिसेंबर १९५३

सकलगुणमंडित हिंदुराव पाहुणे यांना मेहुण्या बबनरावाचा वाकून रामराम. इकडे सगळे सुखरूप. (सगळे म्हणजे तुमचे आबा सोडून. त्यांचं पुढे येतंच आहे, एकदम घाबरू नका.) वहिनींचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का?

तर पाहुणे, कारखान्यात मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांची मी केलेली होडी तुम्ही पाहिलीच आहे. पवनेच्या डोहात ती बुडाली नाही, एवढ्यावरच मला वाटलं, आपण दर्यावर्दी झालो, आता शिडानं गोवा गाठायचा. शिडापायी तुमच्या बहिणीचं, सुभद्रेचं, लुगडं गेलं. (तो विषय दर जेवणाला निघतो.) शफीभाईचा ट्रक वेंगुर्ल्याला रिकामा चालला होता, त्यात होडी घातली. कोल्हापुरात तुम्ही आबांना वर चढवलंत, म्हणालात, म्हाताऱ्याला समुद्र दाखवा. दाखवला. अजून बघतायत.

वाटेत जकात नाक्यावर कारकुनानं विचारलं, हे काय? शेतीच्या सामानाला जकात नाही हे आपल्याला ठाऊक. मी छातीठोकपणे सांगितलं, गुरांची गव्हाण. त्यानं तशी पावती फाडली. (शहाणपणा बघा माझा!) पुढे वेंगुर्ल्याला होडी पाण्यात घातली, शीड लावून निघालो, तर तेरेखोलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांच्या चौकीनं अडवलं, होडीचा कागद मागितला. शिक्क्याचा कागद माझ्याकडे तो एकच, तोच दिला. दुभाष्यानं वाचून दाखवला. साहेबानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा शिडाकडे, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा सुभद्रा बरी. नवा कागद भरायला दिला. होडीचं बंदर? लिहिलं, चिंचवड. कप्तान कोण? आता सांगा, सासरे शेजारी बसलेले असताना जावयानं आपलं नाव वर लिहायचं? एका फेट्यावरून तुमच्या भावकीनं आमच्या लग्नाचा मांडव डोक्यावर घेतला होता! मानपान सांभाळून लिहिलं: कप्तान रंगराव, खलाशी बबन. आबांनी खुशीत मिशीवर हात फिरवला. तोच साहेबाचा हुकूम सुटला, होडीचे खरे कागद येईपर्यंत होडी आणि कप्तान इथेच राहतील, खलाशी जाऊ शकतो.

मी छाती पिटून सांगितलं, अहो, कप्तान मीच! दुभाष्या म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. इकडे रजा संपत आलेली. आलो निघून. भ्याड म्हणा, काय हवं ते म्हणा. सत्तरीचा माणूस परमुलखात ठेवून आलो, घास गिळवत नाही. सुभद्रा बोलत नाही, नुसती भाकरी आपटते.

तुम्ही कचेरीतले. ही होडी आहे, गव्हाण नव्हे, असा मामलेदारांच्या शिक्क्याचा दाखला तेवढा काढा आणि आबांना सोडवून आणा.

तोंड दाखवायला जागा न उरलेला,
बबनराव

ता. क. दाखल्यावर मालक म्हणून तुमचं नाव घालाल का? माझं दिसलं तर मला धरतील. तुम्ही अंगानं धिप्पाड, शिवाय वडील तुमचेच.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवतोय तोच आबांचं कार्ड आलं. रोज मासे मिळतात, चौकीवाले कप्तान म्हणूनच हाक मारतात. साहेब म्हणाला, जागेवर खलाशी आणून बसवा, कप्तान आजच सुटेल. तेव्हा पाहुणे, दाखल्याची आता खरोखर घाई करा. कार्ड माझ्या आधी सुभद्रेनं वाचलं. माझी वळकटी बांधून दारात ठेवली आहे, सोबत शेंगदाण्याची चटणी दिली आहे, आणि इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलली.