रानात ओ द्यायची असते

मुरबाड तालुका,
१२ जानेवारी १९९८

ती. आईस,
दुरूनच पाया पडते. कुंदा, हे आईला सावकाश वाचून दाखव.

मी ठीक आहे. इथे तांदळाची भाकरी असते, आता सवय झाली. थंडीला तुझी शाल पुरते.

माझं काम शेकरू पाहण्याचं. शेकरू म्हणजे लांब शेपटीची मोठी खार. रान वाचवायचं तर त्यात कोण राहतं ते आधी कळायला हवं ना?

मंगळवारी घरमालकीण धोंडूबाई आणि पाड्यातल्या बायका लाकडांना निघाल्या, त्यांच्याबरोबर डोंगर चढले. धुकं दाट होतं. त्या पांगल्या, मी झाडाखाली बसले. वर शेकरू फळ सोलत होतं. तेवढ्यात धोंडूबाईची हाक आली. ते पळेल म्हणून मी गप्प राहिले.

थोड्या वेळाने सगळ्या मोळ्या टाकून मला शोधत आल्या.

"बी.ए. झालीस, पन तोंडाला काय झालं गो?" धोंडूबाई म्हणाली. "आमाला वाटलं, कड्यावरना गेलीस."

धुक्यात एकीने हाक मारायची आणि प्रत्येकीने ओ द्यायची, हा त्यांचा रिवाज. मला ठाऊक नव्हता. शेकरू पळालं, तरी वाईट वाटलं नाही. उतरताना प्रत्येक हाकेला मी मोठ्याने ओ दिली.

काल त्या बाजाराला गेल्या. मी एकटीच वर गेले. शेकरू हवं तेवढा वेळ जवळ बसलं. मला कुणी हाक मारली नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? आई, संध्याकाळी तू अजून चुकून मला हाक मारतेस का?

तुझी,
सुलभा