सोनाजीचा हातगुण

२ फेब्रुवारी, सोमवार

कुरुंद्यात पोचलो. बशीतून उतरलो का पहिले हळदीचा वास. जिकडं बघावं तिकडं हळद शिजून राहिली, धुरानं डोळे चुरचुरले.

मी सोनाजी, गाव साखरा, बारावी दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसलो न्हाई, पेपर तपासणाऱ्याची दया आली. मग हिंगोलीत चार महिने लॅपटॉप रिपेरिंग शिकलो अन् आजपासून विश्वंभरदादाच्या दुकानात नोकरी. फारम भरणं, फोटो काढणं, झेरॉक्स, अन् बिघडलेले लॅपटॉप. ऱ्हायला दुकानामागची खोली, जेवण बेबीबाईच्या खानावळीत.

दादा माणूस झकास. नवा निळा शर्ट दिला, म्हणला तुला लहान भाऊच समजतो. म्या लगेच लहान भावाचं काम केलं. झेरॉक्स मशीनवर कागद चिटकवला: 'मशीन बहिरी हाय, नाव मोठ्यानं सांगा.' तीन म्हाताऱ्यांनी वाकून मशीनला नाव वरडून सांगितलं. एकानं तं बापाचंबी सांगितलं. दादा पोट धरून हसला. असा मालक पुन्हा भेटायचा न्हाई.

मायला फोन केला. घरी ती एकटीच हाय आता. म्हणली, इथं समदे तुह्या तोंडाकडं बघून सोडून देतेत, तिथं सोडणार न्हाईत, नीट ऱ्हा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दादानं कुठून तरी चौदा जुने लॅपटॉप आणले, समदे एकाच मॉडेलचे. शाळेला द्यायचेत, पोरायच्या परीक्षेच्या आधी. बाकी कोणताबी लॅपटॉप दुरुस्त होतो, हे न्हाईत. बटण दाबलं का कंपनीचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरतेत, मग निळा पडदा अन् बंद. आपोआप परत सुरू, परत निळा. विंडोज नवी टाकली, रॅम बदलली, डिस्क बदलली. तेच. अन् ठिपके फिरताना कॅमेऱ्याचा दिवा लागतो. विंडोज चालू व्हायच्या आधी कॅमेरा लागतोच कसा, हे आमच्या मास्तरनं शिकवलं न्हाई.

चार तास गेले. शेवटी कटाळून म्या कॅमेऱ्यापुढं तोंड नेलं अन् डोळे तिरपे करून दाखवले. लॅपटॉप सुरू झाला. दुसरा घेतला, नुसता पुढं बसलो, तोबी सुरू.

दादा म्हणला, सोनाजी, तुह्या हाताला गुण हाय. इथं हळदीच्या कढईत पहिलं टोपलं टाकायला हातगुणाचं माणूस हुडकून आणतेत, हे बराबर तसंच. आता प्रत्येक लॅपटॉपला हळदकुंकू लावायचं, पुढं नारळ ठेवायचा, अन् सुरू म्याच करायचा.

गुणाचा म्हणून मला आजवर कुणी बोलवलं नव्हतं. गुण नसलेल्याला उभं करायचं असलं का बोलवायचे.

९ फेब्रुवारी, सोमवार

नऊ झाले. दादा दरवेळेस मह्या मागं उभा ऱ्हातो. समोर बघ म्हणतो, हलू नको म्हणतो. लोक मला बघायला येऊन राहिले. एका आजीनं नातवाच्या डोक्यावर मह्या हात ठेवून घेतला. म्या पोराला गपचूप चिमटा काढला, तेवढं चालतं.

मोबाईल तोंड बघून उघडेना. धूर बसला असंल काचेवर. नंबर टाकून चालवतो.

घरी फोन करायचा राहूनच गेला. उद्या करीन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बेबीबाईनं विचारलं, नवीन डबा लावायचा का भाऊ. म्या म्हणलं, लावा, अन् आजवर जेवलो ते काय शेजाऱ्यासाठी? ती हसली न्हाई. ही सोनाजीची जागा हाय म्हणली, तुमी तिकडं बसा.

म्हंजे दादानं तिला शिकवलं. मह्याच खोड्या मह्यावर. बाई बाकी तोंड लई सरळ ठेवते, मानलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तेरा झाले. एक राहिला.

रामप्रसाद आला व्हता, साखऱ्याचा. सात वर्षं आमी एका बाकावर. मह्या समोर उभा राहून मलाच म्हणला, इथं आमचा सोनाजी असतो ना? म्या म्हणलं, आंधळ्या, मीच की. त्यानं दादाकडं बघितलं.

दादा म्हणला, सोनाजी बाहेर गेलाय, येईल.

दादा हसला न्हाई. डोळाबी मिचकावला न्हाई. मह्याकडं बघितलंच न्हाई.

आरशात मी हाय. नाक तेच. कपाळावरची खोक तीच. मग काहून —

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दादा खुर्चीत झोपला व्हता. म्या चौदावा लॅपटॉप चालू करून त्याच्या मांडीवर ठेवला, तोंडापुढं. नुसती गंमत. ठिपके फिरले, दिवा लागला, म्या त्याला हाक मारली.

त्यानं डोळे उघडले अन् दोन्ही हातानं तोंड झाकून खुर्चीसकट खाली पडला. उपरण्यात तोंड खुपसून वरडत राहिला, बंद कर, बंद कर.

त्याला म्हाईत व्हतं.

समदं सांगितलं त्यानं, तोंड झाकूनच. मागच्या खेपेला हरीश म्हणून पोरगं बसवलं व्हतं. त्याला आता त्याची बायको घरात घेत न्हाई. मशीनला तोंड लागतं, एकदा घेतलं का माणसाचं राहत न्हाई. म्या म्हणलं, मग हातगुण? म्हणला, काहीतरी म्हणावं लागतं. शाळेला शब्द दिलाय. मला दोन लेकी हायेत, त्यायनी मला वळखलं न्हाई तं मी कुठं जाऊ. तू बाहेरगावचा.

लहान भाऊ म्हणला व्हता.

मला त्यानं कसं वळखलं, तेबी विचारलं. शर्टावरून.

१९ फेब्रुवारी

साखरा. माय दारात तूर पाखडत व्हती. मला बघून पदर सावरला, परक्याला बघून सावरतेत तसा. कोण पाह्यजे भाऊ?

समदं सांगितलं. गुरुजीच्या सायकलची हवा, वासराला घातलेली तिची चोळी — ती हसली. म्हणली, सोनाजीनं लईच सांगितलेलं दिसतंय, दोस्त का त्याचा? पाणी दिलं. बस म्हणली.

लई सुधारला म्हणे तिचा सोनाजी. रोज तीनला तोंड दाखवून फोन करतो. खोडी न्हाई, उलट बोलणं न्हाई.

म्या दोन तारखेपासून फोनच —

ओसरीवर बसून लिहितो. तीन वाजून राहिले.

वाजला. माय फोन घेऊन मह्यापाशी येऊन बसली, बघ म्हणली, तुहा दोस्त आलाय. मह्यंच तोंड. डोळे सरळ. मला बघितलं अन् वळखलं — इतक्या दिसांत पहिल्यांदा कुणीतरी —

मायला म्हणतंय, याला मी वळखत न्हाई. चोर हाय. आत जा, कडी —

माय उठली. म्या म्हणलं माय, मह्याकडं बघ, एकदा तं — ती त्याच्याकडंच बघत मागं सरकली, अन् दार