उंच केलेली गाडी

रविवार, संध्याकाळ

इथे उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या गॅरेजात सुधीरने पिकअप पार उंच करून घेतली. वेंगुर्ल्याच्या वाळूत रुतायला नको म्हणे. मागे मासे धरायच्या रॉडसाठी चार पाइप. चार कशाला? आमच्या बाबांकडे एकच गरी होती. गुडघाभर पाण्यात उभे राहून टाकायचे. तांबोशी लागली की रात्रीचं कालवण झालं.

सुधीर म्हणतो, "आई, तू विमानाने ये. तुला यात चढता नाही येणार."

म्हणजे माझ्याच गावाला मी एकटीने जायचं, आणि ते चार पाइप याच्यासोबत गाडीतून?

वेल्डिंगवाल्या सरदारजींना म्हटलं, "स्टूल दो." चढले आणि पुढच्या सीटवर बसले. गुडघा ठणकला. बाबांच्या मागेही अशीच हट्टाने जायचे. "घरी जा" म्हणायचे आणि टोपली माझ्याच हातात द्यायचे.

"आई, उतर आता."

"आधी पायरी लाव."

"उद्या लावतो."

"मग उद्या उतरते."

सरदारजी हसायला लागले. "माताजी नहीं उतरने वाले जी!"

पायरी लागली तेव्हाच खाली पाय ठेवला.