वेळेआधीची फुलं

सिहोरा,
सोमवार दुपार

प्रिय अंकुश,

तुझं लग्न ठरलं, आनंद झाला, हे काल फोनवर म्हटलं. पण मनातलं सगळं बोलणं झालं नाही. म्हणून लिहायला बसले आणि तेवढ्यात दोनदा उठलेही. एकदा दूध पाहायला, एकदा उगीचच. तुझे भाऊजी म्हणतात, खुशबूचा चंचलपणा कुठून आला हे कळायला नागपूरच्या डॉक्टरची गरज नव्हती, माझ्याकडे पाहिलं तरी पुरे.

डॉक्टरांनी तिच्या त्या चंचलपणाला एडीएचडी म्हटलं. बुद्धीत काही कमी नाही. मन एका जागी थांबत नाही आणि हात मनाच्याही पुढे धावतात. तू तरी काय वेगळा होतास? आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ ऐन रंगात असताना तू मंचावर चढून ढोलकी बडवलीस, तर बाबांनी तुला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. पोरगा वांड असला की कौतुक. माझी पोरगी वांड, तर लोक आईचं वळण काढतात. राग येतो रे मला.

काकांच्या गोपीचंदच्या लग्नात तू नव्हतास, व्हिडिओ मात्र पाहिलास. पंचशील सुरू होतं, सगळे हात जोडून. पुष्पवर्षावाच्या पाकळ्या कोण्या शहाण्याने आधीच वाटून ठेवलेल्या. आता खुशबूची मूठ किती वेळ बंद राहणार! तिने मध्येच उधळल्या. पुढून उडाल्या म्हणून मागच्यांनीही उधळल्या. बौद्धाचार्य "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत सगळ्यांच्या मुठी रिकाम्या. मग खऱ्या पुष्पवर्षावाच्या वेळी, जयमंगल गाथेला, मोठमोठी माणसं रिकामे हातच हलवत राहिली. हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण तो व्हिडिओ तिच्या वर्गात पोचला. ती आत शिरली की पोरं तिच्यावर कागदाचे कपटे उधळायची. बाईंना सांगून ते बंद केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता ती गप्प असते. शेजारच्या काकू म्हणतात, "पोरगी सुधरली वं तुही." तूही तेच म्हणालास. सुधारली नाही रे, भ्यायली आहे. दुकानात धाडलं तर काय मागायचं ते घोकत जाते आणि चार माणसं उभी दिसली की तशीच परत येते. वर्गात उत्तर येत असून मान खाली. हात तेवढे अजून थांबत नाहीत, फ्रॉकची शिवण उसवत बसतात. त्या दिवशी म्हणाली, "आई, मी पागल आहो का?" मी नाही म्हटलं, जवळ घेतलं. तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, एवढं मला कळतं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. तू म्हणालास, "ताई, लग्नाच्या दिवशी खुशबूले बाबापाशी घरीच ठेवशील का? नवरीकडचे लोक नवीन आहेत ना." बाबा इथे माझ्याकडे अंथरुणावर, त्यांच्यापाशी कोणीतरी लागेलच, हेही वर. तुझा हेतू वाईट नव्हता, मला ठाऊक आहे. मी "पाहू" म्हटलं, कारण ती माझ्या पाठीशीच भांडी पुसत होती. तू फोन ठेवलास आणि ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, "आई, लग्नाच्या दिवशी खुशबू बिमार आहे म्हणून सांगजो. मग तुले कोणी काही नाही म्हणणार." नऊ वर्षांची पोर, अंकुश, माझी अब्रू सांभाळायला निघाली आहे. बाबांपाशी भाऊजी बसतील, तशी त्यांची तयारी आहे. पण तिला मी बोलावून भागणार नाही, मी आईच आहे. एसटीने ये आणि मामा म्हणून तूच तिला लग्नाला बोलाव. ती नाही म्हणेल, तरी बसून राहा. तिच्या त्या बिमारीच्या बहाण्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझीच ताई,
दीपमाला