आज सॉना तापवू नका

बाबा,

तुम्ही तळ्यावरून मासे घेऊन याल, तेव्हा मी घरी नसेन. काल जिममध्ये ईर्ष्येने उठाबशा काढल्या, आज मांड्यांचे दगड झालेत. तेवढंच असतं तर सोसलं असतं, पण लघवी कॉफीसारखी काळी होतेय. दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली, अति व्यायामाने स्नायू तुटून लघवीत उतरत असतील, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, लगेच या. शेजारच्या रायलीमावशी गाडीने नेताहेत.

सूप शेगडीवर आहे, गरम करून घ्या. फोन होडीत विसरला असाल तर घेऊन या, खिशात ठेवा.

तुम्हाला सकाळी मुद्दामच सांगितलं नाही. "सॉनात बस, घामावाटे सगळं निघून जाईल," असंच म्हणाला असतात. आईच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवशीही तुम्ही आधी सॉनाच तापवला होता.

– तूली